मामांना विनोद कळत नाही का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

माझे वय 41 आहे. मी पिंपरीत एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. माझी सासुरवाडी सांगली जिल्ह्यात, नदीकाठच्या एका गावी आहे. सासरे, म्हणजे आमचे मामा, 72 वर्षांचे असून साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून कारकून म्हणून निवृत्त झाले. ते चाळीस वर्षे एकाच नेत्याला मानत आले आहेत आणि मी विरुद्ध पक्षाचा आहे. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण राजकारणावरून आमचे कधी वाजले नाही. कारखान्याच्या निवडणुकीत एकाच रात्री दोन्ही पॅनेलचे मटण खाऊन दुसऱ्या दिवशी मतदानाच्या रांगेत पोट धरून उभे राहिल्याचा किस्सा त्यांनी आमच्या लग्नातसुद्धा रंगवून सांगितला होता. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि मामा आमच्या नेत्यांवर रोज दोन-तीन विनोद टाकू लागले. एका नेत्याचा उल्लेख तर ते फळाच्या नावानेच करतात. मी हसून सोडून देत असे. गेल्या महिन्यात मी एकच चित्रफीत टाकली. मामांच्या नेत्याचे आजारपणानंतर बदललेले बोलणे आणि त्याची कोणा मुलाने केलेली नक्कल, एवढेच तिच्यात होते. पाच-सहा जण हसले. दहा मिनिटांत मामांनी ग्रुप सोडला. तेव्हापासून पत्नी माझ्याशी कामापुरते बोलते. आता धोंड्याच्या जेवणाचे बोलावणे आले आहे, तेही सासूबाईंकडून; मामा फोनवर आले नाहीत. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला, जीभ थोडी जड झाली आहे आणि प्रवास झेपत नाही, त्यामुळे मलाच जावे लागेल. मी का नमते घ्यावे? त्या बाजूच्या लोकांना दुसऱ्यावर हसता येते, स्वतःवर हसता येत नाही, हे खरे आहे ना?

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझे लक्ष तुमच्या शेवटच्या प्रश्नापेक्षा प्रवासाच्या अडचणीविषयी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर खिळले. मामांची जीभ दिवाळीपासून जड झाली आहे, असे तुम्ही लिहिता. त्याच पत्रात, चार ओळी वर, तुम्ही टाकलेल्या चित्रफितीत एका वृद्ध माणसाच्या अडखळत्या बोलण्याची नक्कल होती, असेही लिहिता. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींशेजारी आलेल्याच दिसत नाहीत, कारण तुम्ही मामांचा राग आधीच त्यांच्या पक्षाच्या खात्यावर मांडून टाकला होता. ज्या माणसाला गेले काही महिने ‘पाणी दे’ एवढे शब्द उच्चारतानाही जीभ सांभाळावी लागते, त्याने ती चित्रफीत पाहिली आणि खाली स्वतःच्या मुलाची, पुतण्याची, भाचीची हसणारी चिन्हे पाहिली. त्या दहा मिनिटांत त्यांच्या मनात नेमके काय आले, ते मी सांगू शकत नाही, परंतु ते केवळ नेत्याविषयी असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून पहिले उत्तर हे, की चूक तुमची आहे आणि ती पक्षाची नसून घरातली आहे. तुम्हाला हे कठोर वाटेल. तुम्ही मुद्दाम दुखावले नाही, हे मला पत्रावरून स्पष्ट दिसते आहे, आणि म्हणूनच मी हे इतक्या सरळपणे लिहीत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याला मी टाळणार नाही, कारण आज घरोघरी तो कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला जातो, आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंची माणसे तो एकमेकांविषयी अगदी त्याच शब्दांत विचारतात. ‘त्यांना विनोद कळत नाही’ असे तुमच्या बाजूचे लोक मामांच्या बाजूबद्दल म्हणतात आणि मामांच्या बाजूचे लोक तुमच्या बाजूबद्दल. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात विनोदाची वाण कोणत्याच बाजूला कधी नव्हती. मात्र प्रत्येक बाजूची विनोदाची तालीम वेगळी होती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला आणि बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादात, भटजीला उभे करून त्याच्या दक्षिणेचा हिशेब लोकांसमोर मांडला. पुढे आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, त्याच साच्यातून अस्पृश्यतेवर आणि सवर्ण पुढाऱ्यांच्या दुटप्पीपणावर प्रहार केले. 1944 साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने सावकार आणि शेठजी यांना वगात आणले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले यांच्यासारखा नट तयार झाला, ज्याला सत्ताधाऱ्याचे चालणे-बोलणे असे साधत असे, की वेगळी टीका करण्याची गरजच उरत नसे. आणि 13 ऑगस्ट 1960 रोजी बाळासाहेब आणि श्रीकांत ठाकरे या बंधूंनी ‘मार्मिक’ काढले, तेव्हा व्यंगचित्र, नेत्याला चिकटवलेले टोपणनाव आणि एका शब्दावर केलेली कोटी यांचा असा विनोद मराठी माणसाच्या हाती आला, जो समजावून सांगावा लागत नाही, वाचताक्षणी लागतो. सहा वर्षांनी, 1966 साली, त्याच वाचकवर्गातून शिवसेना उभी राहिली. हशा आणि संघटना यांचे नाते किती जवळचे असते, हे दाखवणारे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही.

या सगळ्यांपेक्षा वेगळा असा आणखी एक विनोद तुमच्या सासुरवाडीच्या भागात पिकतो, आणि त्याची नोंद कोणी फारशी ठेवत नाही. तो सहकारी कारखान्याच्या, सोसायटीच्या, बाजार समितीच्या निवडणुकांतून आलेला किश्शाचा विनोद आहे. त्याला घाई नसते. त्यात आधी गावाचे वर्णन येते, मग माणसाचे, मग त्याच्या मोटारसायकलचे, आणि मर्म शेवटी एका वाक्यात येते. दोन्ही पॅनेलचे मटण खाऊन रांगेत पोट धरून उभे राहिलेला मतदार हा त्याच जातीचा किस्सा आहे. आता त्या किश्शात हसे कोणाचे होते, ते पाहा. मामा तेव्हा एका पॅनेलचे कार्यकर्ते असणार. तरी ते दुसऱ्या पॅनेलकडे जेवले, आपल्या पॅनेलची जेवणावळही त्यांनी झाकून ठेवली नाही आणि शेवटी फजिती स्वतःचीच सांगितली, तीही मुलीच्या लग्नात, नव्या व्याह्यांसमोर. ज्यांना स्वतःवर हसता येत नाही असे तुम्ही म्हणता, त्या माणसाचा याविरुद्धचा पुरावा तुमच्याच पत्रात, तुमच्याच अक्षरात आहे.

याउलट फळाचे नाव हा मामांचा मूळ विनोद नाही. टोपणनावाची ती रीत दुसऱ्या तालमीतली आहे आणि आज ती सर्वच पक्षांनी उचलली आहे. एका नेत्याला फळाचे नाव मिळाले, एकाला पक्ष्याचे मिळाले, एकाच्या नावाची आद्याक्षरे जुळवून बाईचे नाव केले गेले. मामांनी ते शब्द रचले नाहीत, त्यांच्या मोबाईलवर आले आणि त्यांनी पुढे ढकलले. तुम्हीही चित्रफीत तयार केली नव्हती, पुढे ढकलली होती. दोन माणसांनी चौदा वर्षे स्वतःच्या तोंडाने एकमेकांशी केलेली थट्टा बाजूला पडली आणि तिच्या जागी कोणा तिसऱ्याने तयार केलेला माल आला. या बदलाचे मला तुमच्या भांडणापेक्षा अधिक वाईट वाटते.

आपल्या भाषेने या बाबतीत फार बारीक भेद करून ठेवले आहेत. थट्टा, चेष्टा, मस्करी हे शब्द आपण आपल्या माणसांसाठी वापरतो. टिंगल आणि टवाळी दुरून होते. आणि कुचेष्टेत समोरचा माणूस दुखावला जावा, हाच हेतू असतो. मेहुणा-मेहुणीची थट्टा असते, जावयाची थट्टा असते, विहिणींची तर उखाण्यांतून होते. या थट्टेत बोलणारा आणि ऐकणारा एका पंगतीला असतात, त्यामुळे शब्द कुठे थांबवायचा हे ताटावरून मान वर करून पाहिले तरी कळते. राजकीय विनोद जोवर त्या पंगतीत होता, तोवर तोही थट्टाच होता.

माझ्या लहानपणीचे एक चित्र मी तुम्हाला सांगते. 1977 सालच्या मार्चमधील लोकसभेच्या निवडणुकीच्या वेळी मी अकरा वर्षांची होते. वडील काँग्रेसचे होते आणि आणीबाणीत चिडलेले धाकटे काका जनता पक्षाच्या प्रचारात होते. काँग्रेसचे चिन्ह तेव्हा गाय-वासरू होते. काँग्रेसच्या माणसांना त्यात शेतकऱ्याचे गोधन दिसे. विरोधकांना त्यात इंदिरा गांधी आणि संजय गांधी दिसत. आमच्या घरासमोरच्या भिंतीवर चुन्याने गाय-वासरू रंगवलेले होते. एका रात्री काकांनी चुलीतला कोळसा घेतला, गाईच्या गळ्यात कासरा काढला आणि त्याचे दुसरे टोक वासराच्या तोंडात दिले. सकाळी वडील राखुंडीचे बोट तोंडात घालून ओट्यावर आले आणि भिंतीकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. काका मागे दारात होते. वडिलांनी चूळ भरली आणि म्हणाले, “कासरा कोणी वासराच्या तोंडात देतं का? गाठ मारता येत नव्हती काय?” एवढे बोलून ते आत गेले. त्यांना राग आला होता हे आम्हा मुलांनाही कळले, परंतु दुपारी दोघे भाऊ शेजारी जेवायला बसले आणि वाढताना आजीने मुद्दाम गाईच्या दुधाचे दही आणले. निकालाच्या रात्री रायबरेलीत इंदिरा गांधी आणि अमेठीत संजय गांधी हरल्याची बातमी रेडिओवर आली. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः चुन्याची बादली नेऊन ते चित्र पुसले. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते. काकांचे मत बदलले नव्हते. मात्र ज्याच्यावर हसायचे तो माणूस रोज समोर बसत होता, त्याचा चेहरा त्यांना दिसत होता.

ग्रुपवर चेहरा दिसत नाही, उलट हसणाऱ्यांची मोजदाद दिसते. तुम्ही पत्रात ‘पाच-सहा जण हसले’ असे लिहिले आहे, म्हणजे तुम्हीही ते मोजले होते, आणि मामांनीही मोजले असणार. घरच्या ग्रुपवर राजकीय विनोद पडला की त्याच्याखाली हसण्याचे चिन्ह टाकणे म्हणजे ‘मी या बाजूचा’ असे जाहीर करणे होऊन बसते, आणि काही न टाकणे म्हणजे विरुद्ध बाजूला जाणे. हसू येते की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न पुढे येतो. ऑगस्ट 2022 मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी, फुटलेल्या आमदारांनी पैसे घेतल्याचा टोमणा मारत, ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्यातल्या यमकाला अनेक जण मनापासून हसले. काही दिवसांत सत्ताधारी आमदारांनी त्याच यमकात उलट फलक आणले आणि अधिवेशन संपायच्या आत त्याच पायऱ्यांवर धक्काबुक्की झाली. मस्करीची कुस्करी होते ती अशी. शंभर माणसे एक विनोद एका सुरात म्हणू लागली, की त्याची घोषणा होते, आणि घोषणेला हसून उत्तर देता येत नाही, प्रतिघोषणाच द्यावी लागते.

दोन बाजूंच्या हसण्यात फरक कुठे पडतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण त्याआधी दोनच महिने, जून 2022 मध्ये, आपल्याला मिळाले होते. शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांबरोबर गेलेले सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी आसाममधल्या गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याशी केलेले फोनवरचे बोलणे बाहेर आले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे शब्द आठवडाभरात महाराष्ट्रभर झाले. त्यावर गाणी निघाली, लहान मुलेही ते म्हणू लागली. त्या वाक्याला सगळेच हसले, पण सगळे एकाच गोष्टीला हसले नाहीत. फुटून गेलेल्या आमदारांच्या बाजूचे लोक हसले ते सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला आसामची हिरवळ पाहून झालेल्या निर्मळ आनंदाला आणि त्याच्या अस्सल बोलीला. त्या हसण्यात कौतुक होते. विरोधी बाजूचे लोक हसले ते राज्याचे सरकार कोसळत असताना लोकप्रतिनिधी हॉटेलाचे वर्णन करतो आहे, या विसंगतीला. त्या हसण्यात संताप होता. शब्द तेच, हेल तोच, हशाही तितकाच मोठा, आणि तरीही दोन घरांत दोन वेगळे विनोद झाले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत स्टीफन कोल्बेर नावाचा कलाकार दूरचित्रवाणीवर कडव्या उजव्या विचारांच्या निवेदकाचे सोंग घेऊन त्याच विचारांची खिल्ली उडवत असे. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 332 जणांना त्याची चित्रफीत दाखवून केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. उदारमतवादी प्रेक्षकांनी ते सोंग आहे असे मानले. पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल, तो विनोदाचा आव आणतो आहे, पण बोलतो ते मनापासूनच बोलतो, असे मानण्याकडे अधिक होता. मात्र तो विनोदी आहे, याविषयी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. विनोदबुद्धी दोघांकडेही होती. प्रत्येकाने विनोदात आपला माणूस शोधला आणि त्याला तो सापडला. म्हणून तुमच्या ‘हे खरे आहे ना?’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मामांनी तुम्हाला हेच विचारले असते, तर त्यांनाही मी हेच उत्तर दिले असते.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे. आपल्या बाजूने केलेला विनोद आपल्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य वाटतो आणि दुसऱ्या बाजूने केलेला बदनामी वाटतो. सप्टेंबर 2012 मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सप्टेंबर 2020 मध्ये मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मारहाण झाली. मे 2022 मध्ये फेसबुकवरच्या एका उपहासात्मक काव्याबद्दल एका अभिनेत्रीला अटक झाली आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत होती. मार्च 2025 मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारमधील ज्या सभागृहात तो कार्यक्रम झाला, त्याची मोडतोड झाली. या चार प्रसंगी राज्यातली सत्ता एकाच हातात नव्हती. तुम्ही एका रात्री शांतपणे बसून या चारही वेळी आपण काय म्हणालो होतो, ते आठवून पाहा. चारही वेळी एकच गोष्ट म्हणणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत. 2020 साली कांदिवलीच्या प्रसंगाने व्यथित झालेली किती तरी माणसे 2025 साली गप्प राहिली, आणि 2025 साली कामरांच्या बाजूने बोलणारी किती तरी माणसे 2022 साली त्या अटकेचे समर्थन करीत होती. मामाही यातून सुटले नसतील. हा दोष मी त्यांच्यावर ढकलत नाही आणि तुमच्यावरही ढकलत नाही, परंतु ‘त्यांना स्वतःवर हसता येत नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी ही उजळणी होणे आवश्यक होते.

मग दोन्ही बाजूंनी हसावे असा राजकीय विनोद असतो का? असतो, आणि तो बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अंगणातला असतो. जून 2019 मध्ये ओम बिर्ला यांची लोकसभेचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा रामदास आठवले बोलायला उभे राहिले. चारोळ्या झाल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकले, की काँग्रेसची सत्ता होती तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो, निवडणुकीआधीही ते मला बोलावत होते, पण वारा कुठे वाहतो आहे हे मी पाहिले होते. पंतप्रधान हसले आणि समोरच्या बाकावर सोनिया गांधीही हसल्या. राजकारण्यावर एरवी विरोधकाने करावा असा आरोप त्यांनी स्वतःच स्वतःवर करून टाकला होता. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे एका व्यासपीठावर आले, की लोक त्यांच्या कोपरखळ्या ऐकायला थांबत, याचे कारणही असेच होते. पक्ष वेगळे असूनही ते मित्र होते आणि हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते लिहिते.

धोंड्याच्या जेवणाला तुम्ही जा. बोलावणे सासूबाईंचे आले म्हणून मानापमान धरू नका. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवू घालणे आणि अनारशांचे वाण देणे हे घरचे काम आहे, आणि मामांच्या मनाविरुद्ध सासूबाईंनी ते बोलावणे दिले असेल, असे मला मुळीच वाटत नाही. ते फोनवर आले नाहीत, यामागे अबोलाच असेल असे धरून चालू नका. जड जिभेने जावयाशी फोनवर बोलण्याचा संकोचही असू शकतो. जेवणाच्या दिवशी सकाळी पोचण्याऐवजी आदल्या संध्याकाळी पोचा, म्हणजे घर पाहुण्यांनी भरण्यापूर्वी तुम्हाला त्यांच्याजवळ बसता येईल. पत्नीला मध्यस्थ करू नका. तिने आधीच एका बाजूला वडील आणि दुसऱ्या बाजूला नवरा असे दोन अबोले सांभाळले आहेत.

मामांपाशी बसल्यावर राजकारणाची क्षमा मागू नका, कारण ती कोणी मागितलेली नाही, आणि ‘तुम्हीसुद्धा रोज टाकत होतात’ हे वाक्य तर तोंडातून जाऊ देऊ नका. एवढेच म्हणा, की मामा, ती चित्रफीत टाकताना तुमच्या तब्येतीचा विचार माझ्या मनात आला नाही, तो यायला हवा होता, माझे चुकले. ते ‘असू दे, असू दे’ म्हणतील किंवा काहीच म्हणणार नाहीत. त्यांना वेळ लागेल, बोलायलाही आणि मनातून काढायलाही. त्यांचे वाक्य मध्येच अडले तर ते तुम्ही पूर्ण करू नका. अडखळत बोलणाऱ्याला दुसऱ्याने शब्द पुरवणे किती लागते, हे माझ्या आईच्या शेवटच्या दोन वर्षांत मी जवळून पाहिले आहे.

जे ग्रुपवर घडले त्याची एक ओळ ग्रुपवरही हवी, कारण पाच-सहा जणांच्या हसण्यासह ते सर्वांसमोर घडले. मात्र ती ओळ मामांना भेटल्यानंतर लिहा, आधी नाही. आजारपणाची नक्कल टाकणे माझे चुकले, असे लिहा आणि त्यात नेत्याचे नाव घेऊ नका. मामांनी ग्रुपवर परत यावे म्हणून मेहुण्याला गळ घालू नका. ते परत आले नाहीत तरी तुमचे नाते अडत नाही. उलट दोघांमधला विनोद पुन्हा ओसरीवर आला, तर मला आनंद होईल.

तुमच्या बाजूचे एक देणे मामांकडेही आहे, ते मी विसरलेले नाही. ‘मी हसून सोडून देत असे’ हे तुमचे म्हणणे मला पूर्ण खरे वाटत नाही. दोन वर्षे रोज दोन-तीन विनोद तुम्ही गिळले आणि ते साठत गेले, म्हणूनच एके दिवशी समोर आलेली पहिली झोंबणारी चित्रफीत तुम्ही न तपासता पुढे ढकलली. एखाद्याच्या शरीरावरून ठेवलेले फळाचे नाव हेही शरीराचेच हसे आहे, आणि ते तुम्हाला लागत होते, हे मामांना कळले पाहिजे. पण ते या भेटीत नको. दिवाळीत किंवा त्याआधी केव्हातरी, ते पुन्हा मोकळेपणाने बोलू लागले की, सांगा. आजारपणाचे आणि अंगकाठीचे विनोद दोघांनीही बंद करायचे आणि धोरणावर, भाषणावर, पक्ष बदलण्यावर जितके सुचतील तितके करायचे, एवढे तुमच्या दोघांत ठरले तरी पुष्कळ झाले. त्याची सुरुवात तुम्ही करा. तुमच्या स्वतःच्या पक्षाची एखादी फजिती, जी तुमच्या मित्रमंडळींत तुम्ही एकमेकांना सांगता पण बाहेर बोलत नाही, ती मामांना सांगा.

जेवणे झाली, वाणाचे अनारसे पिशवीत बांधले गेले आणि मामा बाहेर येऊन बसले, की मोबाईल आत ठेवून त्यांच्याजवळ बसा आणि कारखान्याच्या निवडणुकीचा, दोन्ही पॅनेलच्या मटणाचा तो किस्सा सांगायला सांगा. तुम्ही तो अनेकदा ऐकला आहे, तुमच्या मुलांनी कदाचित एकदाही ऐकलेला नसेल. त्यांना समोर बसवा. या वेळी तो सांगायला मामांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल. तुमची परतीची गाडी असेल, तर ती रात्रीची घ्या.